मालिशला आलेली बदली बाई

या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव मी वर्षभर वाचतेय, ते खरं सांगायचं तर हसण्यासाठी. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढली. जिवंत माणसांच्याच इतक्या तक्रारी ऐकल्या की भुतांसाठी वेळच उरला नाही. आमच्याकडे दृष्ट काढत नाहीत, लिंबू येतं ते सरबतासाठी. हे आधीच सांगते, म्हणजे ‘काकू भोळ्या दिसतात’ असं खाली कुणी लिहायला नको.

आम्ही मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो – मी, मुलगा निखिल आणि सून ऋचा. ऋचाला आई नाही, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण मी माझ्याकडेच केलं. हौसेनं केलं आणि हट्टानंही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, ओव्याची धुरी... रोज सकाळी दहाला मालिशवाल्या लताबाई यायच्या. मालिश, आंघोळ, मग सुती साडीनं पोट घट्ट बांधायचं आणि दोन तास सपाट झोपायचं, उशीशिवाय. माझ्या सासूनं माझं असंच केलं होतं आणि मी ठणठणीत आहे. मग प्रश्नच मिटला ना!

तिसऱ्या आठवड्यात ऋचाचे पाय सुजायला लागले. ती म्हणायची, “आई, आडवं झालं की गुदमरल्यासारखं होतं हो.”

“अगं, बाळंतिणीला थोडंफार व्हायचंच,” मी म्हणायचे. “मला नव्हतं झालं?”

खोकला सुरू झाला, त्याचं खापर मी एसीवर फोडलं. ती रात्री गुपचूप पाठीमागे तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायची आणि सकाळी मी त्या उचलून कपाटात ठेवायचे. निखिल एकदा म्हणाला, “आई, डॉक्टरांना दाखवूया का?” त्याला मी सांगितलं, “तुझं ऑफिस अंधेरीला आहे ना? तू तिथे लक्ष दे.”

त्या गुरुवारी दहाला बेल वाजली. दारात लताबाई नव्हत्या. बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी होती. फिकट निळी साडी, एक हात चौकटीवर टेकवलेला आणि धाप लागलेली. लिफ्ट अडकली असेल, जिन्यानं आली असेल, असं मला वाटलं.

“लताबाईंच्या बदली आलात का?”

“बाळंतीण कुठाय?” तिनं विचारलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये बदली बाया येतच असतात. मी बाजूला झाले.

तेलाच्या गरम वाटीला तिनं हातही लावला नाही. ऋचाच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा खळगा पडला आणि तसाच राहिला.

“झोपताना उशा किती लागतात गं?”

ऋचा माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, “तीन. पण...”

“कुठायत?”

“मी काढल्यात,” मी म्हणाले. “बाळंतिणीनं सपाट झोपायचं असतं. तुम्ही मालिश करा, डॉक्टरकी नको.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं, मी तिला हाकलून दिलं असतं. पण ती चिडली नाही. “हिला आडवी करू नका. हार्टचा डॉक्टर असेल तिथे न्या. आत्ता न्या, उद्या नको,” एवढं म्हणाली. मग खोलीच्या दाराशी थांबून, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, “माझ्या पण काढल्या होत्या.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. का, ते तेव्हा कळलं नाही. मी हॉलमध्ये जाऊन निखिलला फोन लावला. फोन ठेवून वळले तर ती घरात नव्हती.

हॉस्पिटलमध्ये इको काढला. ऋचाचं हृदय नीट पंपच करत नव्हतं, फुप्फुसात पाणी साचलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बाळंतपणानंतर काही जणींचं हृदय असं कमजोर पडतं. सूज, धाप, खोकला... घरच्यांना सगळं बाळंतपणाचंच वाटतं आणि ते थांबतात. अजून एक-दोन दिवस थांबला असतात तर...” ऋचा पाच दिवस आयसीयूत होती. इथे तीन आठवड्यांची पोर डब्याच्या दुधावर, आणि मी तिला मांडीवर घेऊन नुसती रडत होते.

सहाव्या दिवशी लताबाईंचा फोन आला. “काकू, ताप होता म्हणून मी गुरुवारी सूनबाईंना मेसेज टाकला होता. नाही बघितला का त्यांनी?”

“मग ती बदली मुलगी?”

“मी कुणालाच पाठवलं नव्हतं.”

गेटच्या अ‍ॅपवर त्या सकाळची नोंद नाही. वॉचमनला काही आठवत नाही. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींनी आमच्या पॅसेजचा कॅमेरा लावून दाखवला. त्यात मी दार उघडते. काहीतरी बोलते. मग कुणाला तरी आत यायला वाट द्यावी तशी बाजूला होते आणि दार लावून घेते. पॅसेज रिकामा आहे. तीनदा बघितलं. चौथ्यांदा सेक्रेटरींनीच बंद केलं आणि चहा घेणार का, असं विचारलं.

मला भास झाला म्हणावं, तर ऋचानंही तिला पाहिलंय. ती म्हणते, अंगठा बर्फासारखा गार होता. बिल्डिंगमध्ये अशी कुणी बाळंतीण गेली होती का, हेही जुन्या लोकांना विचारलं. कुणालाच काही माहीत नाही.

ऋचा आता बरी आहे. गोळ्या चालू आहेत, अधूनमधून इको असतो. दुसऱ्या मुलाचा विचार करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय. परवा लेकीला भरवता भरवता तिनं सहज विचारलं, “आई, ती आली नसती, तर तुम्ही मला नेलं असतं?”

“अगं म्हणजे काय! नेलं नसतं का?” म्हणत मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

ती मुलगी कोण होती, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. ऋचाच्या प्रश्नाचं होतं... आणि मी तिच्याशी खोटं बोलले.