गोळ्यांचं बाळसं
आमच्या मुळशीत कुणाचं अंग भरलं की लोक डोळे झाकून सांगतात, तब्येत सुधारली. त्यानंच आमचा घात केला.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील तेव्हा. धाकटी बहीण सतरा वर्षांची. आदल्या उन्हाळ्यात तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पोरगी पांढरीफटक पडली. आई आम्हाला नव्हतीच, म्हणून सासरहून मी आले आणि आबांबरोबर तिला पुण्याला नेलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. तिला बाहेर बसवून डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं, आजवर ह्यावर इलाजच नव्हता, आता नव्या गोळ्या निघाल्यात. त्यांनी आजार दबेल, पण जाणार नाही, काही महिन्यांनी पुन्हा उठेल. गोळ्यांनी तोंड सुजेल, त्याला भिऊ नका.

आबांनी एवढंच ऐकलं, की आजार दबेल.

आणि खरंच रक्त थांबलं. पोरगी भात झोडायला जायला लागली. गाल असे गरगरीत झाले की बाया म्हणायच्या, काय बाळसं धरलंय हिनं! आबा मिशीत हसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण सांगू कुणाला? त्यात घोटावड्याहून स्थळ चालून आलं. मी आबांशी भांडले, पाया पडले, लोकांना फसवताय म्हटलं. त्यांनी मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली.

पाहुणे ओसरीवर बसले. आत तिला लुगडं नेसवताना मला राहवेना. म्हटलं, तू तरी नको म्हण, का ते विचारू नकोस.

"मला ठावं हाय, आक्का. डॉक्टरांचं दार उघडंच व्हतं," ती म्हणाली. "तू बोललीस की मी पुन्हा आजारी. न्हाई बोललीस तर चार दिस नवरी तरी हाय."

मला असा संताप आला, आणि कुणावर काढू तेच कळेना.

मुलाची आई चांगली बाई होती, हेच वाईट. पोहे खाऊन झाल्यावर तिनं बहिणीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, मग माझ्याकडे वळली.

"तू थोरली, आईच्या जागी. तूच सांग बाई, पोरीला काय दुखणं-बिखणं न्हाई ना?"

आबा माझ्याकडे टक लावून बघत होते. बहीण खाली मान घालून ताटल्या गोळा करत होती.

"पोरगी लई गुणाची हाय," मी म्हटलं.

"त्ये दिसतंयच की," ती म्हणाली, आणि सुपारी फोडायला सांगितली.