चतुराबाईंचा नंबर

माणसं यंत्राशी कशी वागतात यावरून मला ती कळतात, आणि कळल्यावर बहुतेक वेळा राग येतो. माझ्याकडे पिनबॉलचं एक जुनं मशीन आहे. तिरक्या पेटीवर काच, आत पोलादी गोळी, खालच्या टोकाला दोन पंजे आणि पेटीच्या दोन्ही अंगांना ते हलवायची बटणं. गोळी पंजांमधून खाली गेली की गेली. अशा तीन गोळ्यांचा एक डाव. दिवाळीच्या सुट्टीत नाशिक रोडच्या एका मंगल कार्यालयात आम्ही जुन्या यंत्रांचे शौकीन प्रदर्शन भरवतो. खेळ फुकट, म्हणून नियम कडक. डाव झाला की रांगेच्या शेवटी जायचं. काचेवर चहाचा कप ठेवायचा नाही. पेटीला धक्के मारायचे नाहीत. दुसरा खेळत असताना बटणाला हात लावायचा नाही आणि शहाणपणही शिकवायचं नाही. हे मी दरवर्षी घसा बसेपर्यंत सांगतो आणि लोक या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात.

चतुराबाई मात्र सगळे नियम पाळत, फक्त खेळत नसत.

त्या आमच्या शेजारच्या. गाव देवळ्याकडचं, सगळा जन्म शेतात आणि कांदे साठवायच्या चाळीत गेलेला. मुलगा इथे नोकरीला लागला तेव्हा शेत वाट्याने देऊन नवरा-बायको त्याच्याकडे आले. नवरा धोंडीराम बोलका. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना आधीपासून ठाऊक असते. चतुराबाई गप्प. गावी विहिरीवर त्या आधी दुसरीचा हंडा भरू देत, पंगतीत सगळे उठल्यावर बसत. गुडघा दाखवायला दवाखान्यात गेल्या, तर आपला नंबर एका कण्हणाऱ्या बाईला देऊन तोच दुखरा गुडघा घेऊन घरी आल्या. कॉलनीत त्यांच्या स्वभावाचं भारी कौतुक होतं. मला ते कौतुक सोसत नसे, कारण करणारे सगळे कधी ना कधी त्यांच्या पुढे घुसलेले होते.

मी पार्किंगमध्ये मशीन उघडून बसलो होतो तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं. गोळी खाली येऊ द्यायची नाही, एवढंच का, असं विचारलं. एवढंच, म्हटलं. बराच वेळ उभ्या राहिल्या. नंतर माझ्या बायकोला, अनसूयेला, म्हणाल्या की एकदा तरी पुरता डाव आपल्याला एकटीने खेळायचाय. मी लगेच बोलावलं, पण त्या आल्या नाहीत. कोणी नसताना खेळणं म्हणजे चोरून खाल्ल्यासारखं, रांगेतून मिळेल तेच आपलं, असं त्यांचं म्हणणं.

मग दरवर्षी तोच प्रकार. रांगेत उभ्या राहायच्या, पुढे पोचायच्या आणि मागे वळून कुणाला तरी म्हणायच्या, तुम्ही घ्या आधी. दिलेला नंबर परत मिळत नाही, हा माझाच नियम. त्या निमूट शेवटी जाऊन उभ्या राहायच्या. पाहुणचार घरी करावा, रांगेत नाही, असं मी एकदा चिडून बोललोही. "सवय हाय," म्हणून त्या हसल्या.

यंदा मशीन विकलं. सुटे भाग मिळत नाहीत आणि माझे हातही आता थरथरतात. पुण्याचे एक गृहस्थ प्रदर्शन संपताच ते नेणार होते. चतुराबाईंना मी स्पष्ट सांगितलं, यंदा नाही तर कधीच नाही. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी तरीही एका बाईला पुढे घातलं. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

संध्याकाळी टेम्पो दारात आला आणि मी रांग बंद केली. रांगेत असतील तेवढेच खेळतील, असं जाहीर केलं. चतुराबाई पुढे पोचल्या. त्यांच्या मागे पाठीवर सॅक घेतलेला एक तरुण होता. गाडीची वेळ झालीय, आधी खेळलो तर चालेल का, असं त्याने विचारलं. अगदी नम्रपणे विचारलं, मेल्याने. चतुराबाईंचा पाय बाजूला सरकला. आपला नंबर द्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, मी काही बोलणं नियमात बसत नव्हतं.

पाय परत जागेवर आला.

"नाय," त्या म्हणाल्या. "माझा नंबर हाय."

पहिली गोळी सरळ खाली गेली. दुसरी पंजाला लागून वर उडाली, घंटा वाजली आणि बाईंचं तोंड उघडंच राहिलं. ती जाऊन तिसरी सुटते तोच धोंडीराम वडा खाऊन हात पुसत आले. "आगं आसं नाय, सर जरा, मी दावतो," म्हणत त्यांनी डाव्या बटणाकडे हात नेला. मी हटकायला पुढे झालो, पण गरज पडली नाही.

"हात काढा," चतुराबाई म्हणाल्या. नजर काचेवरच होती. "खेळायचं आसंल तं मागं नंबर लावा."

धोंडीरामांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा बायकोच्या तोंडून असं वाक्य त्यांनी कधी ऐकलं नसावं. मी रांगेच्या शेवटाकडे बोट दाखवलं आणि ते खरंच जाऊन उभे राहिले. रांग बंद झालीय, हे मी त्यांना सांगितलं नाही. गोळी अजून वरच होती.