गोमीवयनीच्या धवल्यातून मी गाळलेलं नाव

गोमीवयनी आज सकाळी गेली. दुपारपर्यंत तिचं गाणं व्हॉट्सअ‍ॅपवर चुकीचं फिरायला लागलं.

चूक माझी आहे.
बीपी वाढलंय, सून म्हणते फोन ठेवा. पण आधी हे लिहितो.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. बोनकोडेच्या बाजूच्या आमच्या आगरी वस्तीतली धवलारीण. लग्नातले विधी तिच्या गाण्यावर चालायचे. आणि धवला, म्हणजे ते लग्नातलं गाणं, मध्येच तोडायचा नाही, अपशकुन होतो.

वयनीने त्याचाच फायदा घेतला.

सरकारने नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या, तेव्हाची गोष्ट. मोर्चावर लाठ्या चालल्या. गावचा एक शेतकरी गेला, आणि मिठागरात राबणारा बुध्या गेला.

शोकसभेत शेतकऱ्याचंच नाव घेतलं.
आमचा पुढारी म्हणाला, "बुध्याचा सातबारा कुठं हाय?"

पुढे त्याच पुढाऱ्याच्या मुलीच्या हळदीला वयनी गायली:

हलद लावा गो, हलद लावा,
बुध्याच्या अंगाला कोनी लावली?
मीठ तुमी खाल्ला बुध्याचे हातचा,
नाव त्याचा घ्याला जीभ का अडली?

बायका मुद्दाम त्याच ओळी पुन्हा पुन्हा झेलत होत्या. पुढारी लालबुंद. थांबवणार कसा?

नंतर म्हणाला, "गोमीबाय, हळदीत मयताचं नाव?"
"सभेत घेतला असता, त मना हलदीत घ्याला लागला नसता."

वयनीला लिहिता येत नव्हतं. मी सातवी नापास, पण अक्षर बरं.
"भावजी, उतरून ठेवा," म्हणाली.

तेव्हा मोर्चावरून घरोघरी पोलिसांच्या चौकशा चालू होत्या. मला कंपनीत परमनंट व्हायचं होतं.
मी 'बुध्याच्या' जागी 'गरिबाच्या' लिहिलं. 'बुध्याचे' गाळून 'गरिबाचे'.

तिने वाचून दाखवायला सांगितलं.
वाचताना मात्र 'बुध्या' वाचलं.
ती खूश झाली. वही ट्रंकेत जपून ठेवली.

आज पुतणीने त्या पानाचा फोटो टाकला. खाली हात जोडलेले, फुलं. "व्वा, गरिबांचा आवाज!"
त्या पुढाऱ्याच्या मुलानेही अंगठा टाकलाय. का नाही टाकणार? गरीब म्हटलं की कुणाचंच काही जात नाही.

एवढी वर्षं होती. चहा प्यायला रोज तिच्याकडे बसायचो. एकदा पेन घेऊन दोन शब्द बदलता आले नाहीत मला.

मंडळी, तो फोटो पुढे पाठवू नका. पाठवलाच तर 'गरीब' खोडा आणि बुध्या लिहा.

वयनी, तुला खोटं वाचून दाखवलं होतं.
माफ करता आलं तर कर.
शेवटचा नमस्कार. तुला, आणि बुध्याला.