घरच्यांचं रक्त

हे मी कुणापाशीच बोललेले नाही — नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलते, कारण तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही.

मी हैदराबादला पोस्टडॉक होते. म्हणजे पीएचडी झालेली, पण अजून दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, वर्षावर्षाच्या करारावर. तांबड्या रक्तपेशी तयार होताना आत काय बिघडतं, ते शोधायचं काम. आजाऱ्यांच्या रक्ताशी ताडून बघायला धडधाकट माणसांचंही रक्त लागायचं, आणि ते रीतसर परवानगीनं घ्यायचं असतं. त्यात वेळ जातो. माझा करार संपत आला होता, प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, रोज विचारत होते — मग मी काय करावं?

दिवाळीला गावी, लोहाऱ्याला आले आणि घरच्यांचंच रक्त काढलं. साखर तपासते म्हणाले. धाकटा भाऊ, मामा, मामाची रेणुका — सगळ्यांनी हौसेनं हात पुढं केले. रेणुका सुईला भ्यायली, तर भाऊ तिची चेष्टा करत बसला. दोघांची सुपारी फुटली होती. मामाची मुलगी करणं आमच्याकडं काही नवं नाही.

प्रयोगशाळेत निकाल बघितला, नमुने पुन्हा लावून बघितले. दोघांच्याही रक्तात थॅलेसेमियाचा दोष. दोघं ठणठणीत — पण अशा दोघांचं मूल आजारी निघू शकतं. हे मला कळत नव्हतं? अहो, माझी डॉक्टरेटच त्यातली! एक फोन पुरला असता. पण सांगायचं म्हणजे चोरी कबूल करायची, ती सरांच्या कानावर गेली तर जागा जायची. खरंच गेली असती का? कुणास ठाऊक. मी भ्याले, एवढं खरं. सगळ्यांची साखर चांगली आहे, असं घरी कळवून टाकलं. लग्नात करवली म्हणून मिरवले सुद्धा.

त्यांना मुलगी झाली. काही महिन्यांतच पांढरीफटक पडायला लागली. सोलापूरला नेली तेव्हा मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी आजार सांगितला, तो आईबापाकडून येतो हेही सांगितलं, आणि विचारलं — लग्नाआधी रक्त तपासलं नव्हतं का?

"तपासलं व्हतं की मॅडम," रेणुका म्हणाली. "आमच्या ताईंनीच. त्या ह्यातल्याच शास्त्रज्ञ हायत. काय बी निघालं न्हाय."

मी खाली मान घातली. डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. आणि रेणुका — तिनं माझा हात धरला. मला धीर द्यायला! तिची लेक मांडीवर निपचित पडलेली, आता जन्मभर दर महिन्याला रक्त चढवायचं, आणि ती मला सांभाळत होती. माणूस इतका विश्वास कसा काय टाकतं हो?

बाहेर आल्यावर भावानं हळूच विचारलं, "ताई, तवा दिसलं न्हवतं व्हय गं?"

"न्हाय रे," म्हणाले.

त्यानं मान हलवली, लेकीला खांद्यावर घेतलं आणि माझीही पिशवी उचलून पुढं चालू लागला.