मनगट सरळ

माझा डॉक्टर मित्र नरहरी गेल्याची बातमी घेऊन त्याचा धाकटा भाऊ धारवाडहून हुबळीला माझ्याकडे आला, तेव्हा मी जेवत होतो. भाकरीचा घास हातातच राहिला. त्याला महिना होऊन गेला. शोकसभेत सगळे त्याच्या मायेविषयी बोलले आणि बाहेर पडताना एक वकील हळूच म्हणालेच, "मायाळू खरे, पण त्या अळणावर गावच्या माणसाला कामावर धाडण्यात डॉक्टरांनी घाई केली." मी शेजारीच उभा होतो... गप्प राहिलो. म्हणून हे लिहितो आहे.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागे नरहरीने हाताच्या दुखण्यांचा अभ्यास सुरू केला. हाड सांधलेले, पण बोटे ताठरलेली, अशी माणसे बाजारच्या दिवशी त्याच्या दवाखान्यात येत. "हात बरा झाला म्हणतात, पण किती बरा झाला हे कोणी मोजतच नाही रे," तो म्हणायचा. मी शाळेत चित्रकला शिकवत असे. फळ्यावरच्या कोनमापकाला सागवानी पट्ट्या जोडून मी त्याला बोटांचा वाक मोजायचे साधन करून दिले. थापताना बोटे उघडतात म्हणून तो भल्याभल्या पुरुषांना स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला बसवायचा. त्याची बायको, आमच्या वहिनी, पदरात हसत म्हणायच्या, "सून येईपर्यंत माझी सोय झाली बघा!"

मापे मी घ्यायचो. नियम एकच, मनगट सरळ हवे. ते मागे कलले की बोटे आपोआप मिटतात आणि मूठ आहे त्यापेक्षा चांगली दिसते. नरहरी आतल्या खोलीतून ओरडायचा, "मनगट बघ रे, मनगट!"

भरमप्पा अळणावरच्या लाकूड कापायच्या गिरणीतला. उजवा हात ओंडक्याखाली सापडलेला. भाकऱ्या थापून बोटे सुटली होती, मूठ मात्र पुरती वळेना, आणि तोवर नरहरी कामाची चिठ्ठी देईना. एकदा नरहरी रोगी बघायला बाहेर गेला असताना तो मला म्हणाला, "मास्तर, आज होऊ द्या की हो. मालक दुसरा माणूस बघायलाय. घरी पोरं उपाशी आहेत." त्याचे मनगट मागे कलले. मला ते दिसले. तरी मी पट्टी लावली आणि आला तो आकडा लिहिला... त्या मापावर नरहरीने त्याला कामावर जायची चिठ्ठी दिली. भरमप्पा माझ्या पाया पडला. मला वाटले, मी पुण्य केले.

थोड्याच दिवसांत फळी धरताना त्याची मूठ सुटली आणि हात करवतीत गेला. मनगटापासून काढावा लागला.

"मूठ वळत होती ना? मग सुटली कशी?" नरहरीने मला विचारले. मी साधन पुसत राहिलो. त्याने ते माझ्या हातातून घेतले. "म्हणजे माझी रीतच चुकली. असं मोजून आणखी किती जणांचे हात घालवू?"

त्याने मोजणे सोडले. भाकऱ्या थांबल्या. पुढे ताप-खोकल्याची औषधे देत तो म्हातारा झाला. सवड मिळाली की अळणावरला जाऊन भरमप्पाला डाव्या हाताची कामे शिकवायचा. खरे काय ते भरमप्पाला आणि मला ठाऊक होते. भरमप्पा नरहरीच्या आधीच गेला. नरहरी, तुझी रीत बरोबर होती रे. माप खोटे होते, आणि ते मी घेतले होते.

तेराव्याला वहिनींनी ते साधन माझ्या हाती दिले. "भावोजी, माळ्यावर जपून ठेवलं होतं. कधी टाकू दिलं नाही त्यांनी." मी ते पिशवीत घालून घरी आलो. हे छापून आले की त्यांना वाचून दाखवायला जाणार आहे.

हल्ली माझीही बोटे ताठरली आहेत. सकाळी टेबलावर हात ठेवून मी पट्टी लावतो. मनगट हळूच मागे जाऊ बघते. मी ते सरळ करतो, मूठ पुन्हा उघडते... आणि मी आतल्या खोलीकडे कान देऊन बसतो.