पासलीहून येणारी उत्तरं

भोरच्या शाळेत मी इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर एक जाडजूड पुस्तक हाती लागलं: अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती, तेव्हाच्या पुढाऱ्यांची खासगी पत्रं. सभेत गोडगोड बोलणारी ही मंडळी पत्रांत एकमेकांना काय काय म्हणतात! आपलं हे गणराज्य फार दिवस टिकायचं नाही, असंसुद्धा लिहून टाकतात. मला भारी मजा वाटली.

मग वेल्ह्याच्या पुढे पासलीत माझा शाळेपासूनचा शेतकरी मित्र आहे, त्याला मीही पत्रं लिहू लागलो. मोबाईलवर राजकारण बोललं की गावभर होतं. पत्र कसं, दोघांतच राहतं. त्याची उत्तरं यायची. अक्षर इतकं वळणदार, की म्हातारपणी कित्ता गिरवतोस की काय, म्हणून मी त्याला चिडवलंही.

राखीव जागेवर त्याची सून सरपंच झाली. कारभार अर्थात नवरा बघायचा. मी तडकून लिहिलं, ‘तुझी सून म्हणजे नुसता शिक्का. तिला विचारतं कोण? ही कसली लोकशाही!’ उत्तर आलं, ‘खरंय तुझं. बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं.’ वर आणखी दोन टोमणे. मी पोट धरून हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

यंदा भातलावणी उरकल्यावर पासलीला गेलो. मित्र पडवीत बसला होता. मी पुढ्यात उभा राहिलो तरी त्यानं मला ओळखलं नाही. साखरेनं त्याचे डोळे दोन वर्षांपूर्वीच गेले होते आणि मला त्यानं कळू दिलं नव्हतं. मग पत्रं? मी सुनेकडे बघितलं.

“म्याच वाचून दावते आबांना,” चहाचा कप पुढं करत ती म्हणाली. “उत्तर बी म्याच लिवते. त्ये सांगत्यात तसं.”

“ते... शिक्क्याचं पत्रसुद्धा?”

“व्हय. एक अक्षर गाळलं न्हाई, गुरुजी.”

माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिचा नवरा ग्रामपंचायतीचं रजिस्टर घेऊन आला. त्यानं पान उघडून बोट ठेवलं, तिनं दाराच्या चौकटीला टेकवून सही केली. तो निघूनही गेला.

“अगं, सही करण्याआधी वाचून तरी बघायचं,” मी म्हणालो.

“तुमचं पत्र वाचलंच की म्या,” ती म्हणाली. “वाचून काय झालं?”