टाकीतलं मीठ

आमच्याकडे एक मॅटेडोर होती आणि तिच्या पाठीवर गालिचे धुण्याचं मशीन बसवलेलं होतं. पुण्याच्या कुणाला तरी ते झेपलं नाही, म्हणून माझ्या थोरल्या भावानं ते राहुरीला आणलं. दोनशे लिटरची टाकी, एक पंप, लांब पाइप आणि मळकं पाणी ओढून घेणारा ड्रम, एवढाच संसार. मंगल कार्यालयं, साखर कारखान्यांची गेस्ट हाउसं, बँकेच्या साहेबांच्या केबिनी, असं करत आमची गाडी नगरपासून पार मिरजगावपर्यंत फिरायची. नव्वदीची वर्षं होती. असलं मशीन आसपास कुणाकडेच नव्हतं आणि दादा हे दिवसातून चारदा बोलून दाखवायचा.

गाडी चालवायला आणि मशीन सांभाळायला मेजर होते. हे हुद्द्यानं मेजर नव्हेत. आमच्याकडे फौजेतून आलेला साधा शिपाईही मेजरच होतो. हे जामखेडकडचे, बौद्ध, लेहमध्ये पाच हिवाळे लष्कराचे ट्रक चालवलेले. राहुरीत एक खोली भाड्यानं घेऊन राहत. मुलगी दहावीला होती. मार्चपर्यंत काही झालं तरी तिची शाळा बदलायची नाही, एवढंच त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा यायचं.

दिवाळी झाली की मेजरांचं एक काम वाढायचं. रोज संध्याकाळी ते टाकीचं पाणी काढून गोठ्यातल्या हौदात ओतत, पंपाखालचा कॉक उघडत, पाइप झटकून रिकामा करत आणि पंपाला गोणपाट गुंडाळत. सकाळी पुन्हा सगळं भरायचं. मी नुकताच बी. एस्सी. झालो होतो आणि नोकरी मिळेपर्यंत दादाला मदत करत होतो. मदत म्हणजे मेजर राबायचे आणि मी शेजारी उभा राहून अक्कल पाजळायचो.

"मेजर, ही राहुरी हाय, लेह न्हाई," मी त्यांची नक्कल करत म्हणायचो.

"व्हय भाऊ. पर पाणी गोठलं की फुगतं आन् पंप आतून चिरतो. म्या बघितलाय चिरलेला. सवय लागली, आता सुटत न्हाई."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते दरवर्षी दादरला जात आणि तिकडून जामखेडला घरी. पाच-सहा दिवसांची सुट्टी. दादाला ती खुपायची. आमच्या गावची जत्रा आली की दादा स्वतः आठवडाभर धंदा बंद ठेवायचा, पण ते वेगळं. त्या वर्षी निघताना मेजर मला म्हणाले, "भाऊ, थंडी वाढनार हाय. रोज सांजच्याला टाकी अन् पंप तेवढा मोकळा करा."

एक दिवस केला. दुसऱ्या दिवशी बर्फासारख्या पाण्यात हात घालायचं जिवावर आलं. पण थंडीही खरोखरच कडाक्याची पडली होती. कालव्याकाठच्या गवतावर सकाळी पांढरा थर दिसायचा, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवत होते. मी घाबरलो. मग माझी पदवी कामाला आली. मिठाचं पाणी शून्याला गोठत नाही, हे मला पाठ होतं. गोठ्यात गुरांसाठी आणलेलं खडेमिठाचं पोतं होतं. त्यातलं अर्धं टाकीत ओतलं, काठीनं ढवळलं, पंप थोडा चालवून पाइपातही खारं पाणी पोचवलं आणि घरात जाऊन गरम चहा प्यायलो. पुढचे चार दिवस मशीनकडे फिरकलोही नाही.

मेजर परतले त्याच सकाळी एका मंगल कार्यालयाचं काम होतं. स्टेजवरचा मोठा लाल गालिचा, दुसऱ्या दिवशी लग्न. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, "रोज मोकळं क्येलं हुतं ना?"

"हो तर. आज सकाळीच भरलंय," मी म्हणालो.

खरं सांगितलं असतं तर त्यांनी टाकी उपसली असती, साधं पाणी फिरवलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. पण दिवाळीपासून ज्यांची टिंगल केली, त्यांच्यापुढे मी त्यांच्याच थंडीला घाबरलो हे कबूल करणं मला जड गेलं. थोडं मीठ गालिच्याला काय करणार आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

दुपारी उन्हात गालिचा वाळला आणि त्यावर पांढरे ओघळ उमटले. पुन्हा धुवावा म्हणून मेजरांनी पंप चालू केला, तर तो घरघरला आणि बसला. खोलून बघितला तर आतून गंजानं खाल्लेला. मेजर गालिच्याशी उकिडवे बसले, ओघळाला बोट लावून जिभेवर टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

कार्यालयवाल्याच्या फोनवरून दादाला बोलावणं गेलं. तो आला तो आरडाओरडा करतच. "सुट्ट्या पाहिजेत वेळच्या वेळी, आणि मशीनचं हे असं. तुम्हा लोकांना डोक्यावर बसवलं की हेच व्हायचं!" तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं.

"सायेब, पान्यात मीठ हाय," मेजर शांतपणे म्हणाले.

"मग कुणी टाकलं? मशीन तुझ्या ताब्यात, पाणी तू मारलंस!"

मेजर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांनी मला भरपूर वेळ दिला. त्या वेळात मी गालिच्याची नक्षी बघत होतो. मग त्यांनी खिशातून गाडीची चावी काढली, बॉनेटवर ठेवली आणि चालत रस्त्याला लागले. आठवड्याभरात त्यांनी खोली सोडली. मुलीच्या दहावीचं काय झालं, मला माहीत नाही. मी विचारायला गेलो नाही.

पुढे तीन वर्षांनी गाडी भंगारात निघाली, तेव्हा मी एकदाचं दादाला सांगितलं की मीठ मी टाकलं होतं. तो वर्तमानपत्र वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "माहीत आहे. तुझ्या वहिनीनं तुला पोतं ओतताना बघितलं होतं. मेजर गेले त्याच संध्याकाळी तिनं मला सांगितलं."

"मग त्यांना परत का नाही बोलावलंस?"

"आणि गावाला काय सांगू, माझ्या भावानं केलं म्हणून? सख्ख्या भावाला काय धंद्यातून काढणार होतो मी?" त्यानं पान उलटलं.

खोटं कशाला सांगू, ते ऐकून आधी मला हायसं वाटलं. म्हणजे मी एकटाच नीच नव्हतो. संध्याकाळपर्यंत ते हायसं वाटणंही सडलं. दादा मला कधीच काढणार नव्हता. त्या दिवशी कार्यालयात मी तोंड उघडलं असतं तर चार शिव्या बसल्या असत्या, बाकी माझं काहीच जाणार नव्हतं. आणि हे मला तिथं उभा असतानाही माहीत होतं.